पाणी टाका आणि चला

आईची पुण्याची गाडी रात्रीची होती. मे महिना, संध्याकाळची गर्दी, आणि विद्यासागर सेतूच्या चढावर टेम्परेचरचा काटा मधली रेघ सोडून वर निघाला. सेतूवर थांबता येत नाही. एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण उघडला. इंजिनाची उष्णता ओढून घेण्याचा हा जुना उपाय आहे. आईला वाटलं, मला वेड लागलं. पण हीटरमधून गरम हवा येईचना. नुसता कोमट वारा. इंजिन उकळतंय आणि हीटर थंड, याचा अर्थ एकच: आत फिरायला पाणीच उरलेलं नाही.

हावड्याच्या बाजूला उतरल्यावर गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि डिकी उघडली. डिकीत पाच लिटरचा कॅन होता. पाण्याने भरलेला, तयार. आईने विचारलं, "हा कॅन तू कायम बरोबर ठेवतोस?" मी म्हटलं, "हो, दोन महिन्यांपासून."

या लेखाचं कारण तो कॅन आहे. गाडी गळते यात लाज नाही. माझी एस्टीम २००६ ची आहे, पुण्यात नवी घेतली तेव्हा मी कॅप्टन होतो, आणि त्यानंतर ती माझ्याबरोबर इतकी फिरली आहे की तिलाच एखादं मेडल द्यायला हवं. इंजिन जी१३बीबी, म्हणजे आपल्या जिप्सीचंच. ते गळणार, म्हातारं होणार. लाज आहे ती कॅनची. वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेला अधिकारी, रोज सकाळी जवानांच्या गाड्यांची फर्स्ट परेड बघितलेला माणूस, आपल्या गाडीत आठवड्याला अर्धा लिटर पाणी ओततो आणि स्वतःला सांगतो की चाललंय की.

आपल्याकडे याला जुगाड म्हणतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. २०१२ साली 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं, तेव्हापासून तर हा शब्द मॅनेजमेंटच्या वर्गात सूट घालून फिरतो. माझा एक कोर्समेट आता कॉर्पोरेटमध्ये आहे. तो व्याख्यानात जुगाड म्हणजे भारताची ताकद असं सांगतो आणि टाळ्या घेतो. त्याच्यासाठी मी पुढचे दोन महिने जसे घडले तसे लिहितो.

पहिल्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, हात पुसले आणि म्हणाला, "कुछ नहीं सर, गर्मी है. पानी डालते रहिए." पैसेही घेतले नाहीत. मी खूश.

दुसऱ्याने रेडिएटरमध्ये हळद टाकली. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी हे पाहिलं असेल आणि काहींनी केलंही असेल. हळदीचे कण बारीक भेगेत जाऊन बसतात आणि गळती काही दिवस थांबते. पण हळदीला भेग कुठली आणि रेडिएटरची बारीक नळी कुठली हे कळत नाही. ती दोन्हीकडे बसते.

तिसरा थर्मोस्टॅट काढायला निघाला होता. "वाल निकाल देते हैं, इंडिया में इसकी ज़रूरत नहीं." हे वाक्य मी लेहपासून कोचीपर्यंत ऐकलं आहे. थर्मोस्टॅट हा इंजिन लवकर तापवून ठरावीक तापमानावर ठेवणारा पहारेकरी आहे. तो काढला की गाडी कायम थंड धावते, पेट्रोल जास्त खाते, इंजिनाची झीज वाढते. पहारेकऱ्याने आवाज केला म्हणून पहारेकरीच हटवायचा. इथे मात्र मी नाही म्हटलं. तेवढी अब्रू राखली.

चौथ्याने नवा रेडिएटर बसवला. साडेचार हजार रुपये. लेव्हल पुन्हा खाली. किंबहुना आधीपेक्षा वेगाने खाली.

यात लक्षात घ्या, चौघांपैकी एकानेही गळती कुठे आहे हे शोधलं नाही. चौघांकडेही उत्तर होतं, प्रश्न कोणालाच पडला नव्हता. आणि चौघांना दोष देऊन मी सुटत नाही, कारण त्यांना "शोधा" असं मीही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, "जरा बघा, पटकन होईल असं काहीतरी."

शेवटी बेहालाला राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांना फोन केला. ईएमईचे, सगळी नोकरी वर्कशॉपमध्ये गेलेली. ते रविवारी सकाळी आले आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, गाड़ी कब से बंद है?" रात्रीपासून, मी म्हटलं. "अच्छा. तो आज काम होगा."

थंड इंजिन. हीच पहिली अट. गरम इंजिनावर बारीक गळती दिसत नाही, कारण थेंब पडता पडता वाळतो. रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, झाकणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवला आणि ०.९ बारपर्यंत दाब दिला. माझ्या गाडीच्या मूळ झाकणावर हाच आकडा होता. हा दाब का असतो हे शाळेतल्या विज्ञानात आहे. कुकरमध्ये जे होतं तेच इथे. या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. दाब टिकला नाही की ते शंभरालाच उकळणार.

मग ते स्टुलावर बसले आणि चहा मागितला. दहा मिनिटं काहीच केलं नाही. काटा ०.९ वरून ०.७ वर आला. जमिनीवर थेंब नाही. ऑइलची दांडी काढून पाहिली: तेल काळं, दुधाळ नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. म्हणजे हेड गॅस्केट ठीक आहे असं मानायला जागा होती. आत जात नाही तर बाहेर जातंय, आणि बाहेर जातंय तर खूण असणारच. टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन ते इंजिनाच्या मागच्या बाजूला वाकले. पंधरा मिनिटांनी म्हणाले, "आइए सर, देखिए."

फायरवॉलजवळ हीटरकडे जाणारा वीतभर लांबीचा रबरी होज. क्लॅम्पच्या कडेला पांढरट हिरवा खरपुडा जमलेला. थेंब तिथून निघून गिअरबॉक्सच्या पाठीवर पडायचा आणि तिथेच सुकायचा. दोन महिने जमीन कोरडी का होती, त्याचं उत्तर मिळालं. होज काढला तर रबर दगडासारखं, आणि खालच्या लोखंडी नळीचं तोंड गंजाने खड्डे पडलेलं.

"ये गंज कहाँ से आया, सर?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. कारण मी कॅन ट्यूबवेलच्या नळावर भरायचो, जिथे बादलीलाही तांबडा थर बसतो. कूलंट म्हणजे फक्त थंडीत गोठू नये म्हणूनचं औषध, अशी समजूत आहे. कोलकात्यात बर्फ पडत नाही, मग कशाला? पण त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात, आणि ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदूही वर जातो. मी दर आठवड्याला ते औषध पातळ करत होतो आणि लोह घालत होतो. गळती भरून काढायला ओतलेल्या पाण्याने गळती मोठी केली.

दुसरी गोष्ट झाकणाची. नव्या रेडिएटरवर बसवलेल्या झाकणावर १.१ लिहिलं होतं. मूळचं ०.९. दाब वाढला, म्हणून रेडिएटर बदलल्यावर गळती वाढली. साडेचार हजार रुपये देऊन मी आजार वाढवून आणला होता.

होज मल्लिकबाजारात मिळाला. पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळते, तिथला हा जुन्या सुट्या भागांचा बाजार पाहण्यासारखा आहे. जवळच उत्तरपाड्याचा हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला, ॲम्बॅसडर बनणं बंद झालं, पण तिचे भाग इथे अजून मिळतात. जुना होज हातात घेऊन दुकानदाराने वाकवून पाहिला, नाक लावून वास घेतला आणि मागून बरोबर तसाच काढून दिला. होज, दोन क्लॅम्प आणि ०.९ चं झाकण मिळून पाचशेच्या आत. साहेबांनी नळीचं तोंड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं. सगळी यंत्रणा तीनदा धुतली, पिवळं पाणी निघत राहिलं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं भरलं, हवा काढली. पुन्हा पंप, पुन्हा ०.९, पुन्हा चहा. काटा हलला नाही.

आता माझा कोर्समेट म्हणेल, अरे, एका होजवरून एवढं तत्त्वज्ञान? आणि फौजेत आपण कमी जुगाड केलेत का? खूप केले. खिंडीत फुटलेल्या होजवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून कॉन्व्हॉय खाली आणणाऱ्या ड्रायव्हरला मी आजही सलाम करतो. पण खाली आल्यावर तो कार डायरीत लिहायचा: होज फुटला, पट्टी बांधली, बदलणे आवश्यक. ती नोंद आहे तोवर तो जुगाड नाही, ती दुरुस्तीची पहिली पायरी आहे. युनिटमध्ये तात्पुरतं, फील्ड वर्कशॉपमध्ये पक्कं, आणि गाडी पूर्ण उघडायची तर खडकीच्या ५१२ सारखं बेस वर्कशॉप. पायऱ्या अशा लावल्या आहेत त्या प्रत्येकाने पुढच्याला खरं सांगावं म्हणून. मी चिडलोय तो नोंद न करता ओतलेल्या पाण्यावर.

त्याचंही कारण आहे. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मी कंपनी कमांडर होतो. आमच्या एका अडीच टनी गाडीचं पाणी कमी व्हायचं. तीन ड्रायव्हर बदलले, तिघांनीही रोज सकाळी गुपचूप भरलं, कारण गाडी वर्कशॉपला गेली की ड्यूटी दुसऱ्यावर येते, बोलणी बसतात. डायरीत काही नाही. चौथा ड्रायव्हर सांगलीकडचा, बावीस वर्षांचा. त्याला कोणी सांगितलं नाही. घाटात गाडी तापली, मागे कॉन्व्हॉय अडला, हॉर्न सुरू झाले, आणि त्याने फडकं धरून झाकण फिरवलं. दाब सुटला की शंभराच्या वर तापलेलं पाणी एका क्षणात वाफ होतं. चेहरा आणि उजवा हात. डोळे वाचले.

कागदावर कारण लिहिलं गेलं: ड्रायव्हरने गरम इंजिनाचं झाकण उघडलं. खोटं नाही. पण त्या कार डायरीवर दर आठवड्याला माझी सही होती. महिनाभर एका गाडीची एकही तक्रार नाही, हे वाचून मला शंका यायला हवी होती. मला बरं वाटलं होतं.

आणि हे गाड्यांपुरतं राहत नाही. मी राहतो तिथून जवळच माझेरहाटचा पूल आहे. ४ सप्टेंबर २०१८ ला तो कोसळला, माणसं गेली. राजकारणात मला पडायचं नाही, नोकरीत असेपर्यंत पडताही येत नाही. पण पुलावर वर्षानुवर्षं चढवलेल्या डांबराच्या थरांचं वजन हा मुद्दा त्या चौकशीत पुढे आला होता, तो विसरता येत नाही. खड्डा पडला, थर टाका. पुन्हा पडला, पुन्हा टाका. वरून रस्ता गुळगुळीत. खाली तुळया काय म्हणताहेत हे बघायला वाकावं लागतं, आणि वाकणाऱ्याचा फोटो येत नाही. २०२० च्या डिसेंबरात तिथे नवा केबलचा पूल उभा राहिला, चांगला आहे. मी रोज त्यावरून जातो आणि रोज वाटतं, आता याला पहिला खड्डा पडेल तेव्हा कोणी वाकेल का?

घरातला सल्ला वेगळा होता. बायको म्हणाली, "विकून टाक ना आता, किती दिवस?" तिचं चुकत नाही. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं, आणि त्याची फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली होती. सरकारलाही जुनी गाडी नकोय. पण गळणारी गाडी न सांगता पुढच्याच्या गळ्यात मारणं, हा तर सगळ्यात मोठा जुगाड. आधी गळती बंद, मग विकायची की नाही ते बघू.

सुभेदारसाहेबांनी पैसे घेतले नाहीत. मी फार आग्रह केल्यावर म्हणाले, "सर, एक काम कीजिए, एक कॉपी बनाइए." त्याच संध्याकाळी शंभर पानी वही घेतली आणि एस्टीमची कार डायरी सुरू केली. पहिल्या पानावर किलोमीटर, तारीख, होज, क्लॅम्प, झाकण ०.९, कूलंट किती लिटर. त्याच्या वर, आधीच्या दोन महिन्यांसाठी, एक ओळ: दर आठवड्याला अर्धा लिटर ट्यूबवेलचं पाणी, कारण शोधलं नाही, आणि खाली माझी सही.

सात आठवडे झाले. दर रविवारी थंड इंजिनावर लेव्हल बघतो, लिहितो. रेघेवर आहे. कॅन बायकोने गच्चीवरच्या कुंड्यांसाठी नेला. सांगलीच्या त्या मुलाला परवा फोन केला, आता तो नाईक आहे आणि एमटीत शिकवतो. मी गाडीची हकीकत सांगितली. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, झाकण थंड झाल्यावरच उघडलंत ना?"