बांधावरच्या गप्पा : उभी गाडी का थरथरते?



भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, की आमच्या ठाणे जिल्ह्यात वाल आणि भाजीपाल्याची लगबग सुरू होते. भेंडी-काकडी पहाटे कल्याणच्या बाजारात पोचवायची, रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे, तर दारात गाडी लागते. पूर्वी बैलाची निगा राखत होतो, आता गाडीचीही राखावी लागते. म्हणून आज पिकाऐवजी इंजिनाविषयी बोलू.

गेल्या हिवाळ्यात कल्याण-मुरबाड रस्त्यालगतच्या एका गावी वालाचे पीक पाहायला गेलो होतो. दारात जुनी पेट्रोल मोटार सुरू होती आणि उभ्या-उभ्या अंगात आल्यासारखी हलत होती. मालक म्हणाले, "साहेब, महिना झाला. रेस दिली की बरी चालते, सिग्नलला उभी केली की बंद पडते. चारही प्लग बदलले. आता इंजेक्टर बदला म्हणतात. दुधाचे दोन महिन्यांचे पैसे जातील."

आतून वहिनी म्हणाल्या, "आणि भाऊ, ब्रेकसुद्धा दगडासारखा लागतो हो."

हे ऐकताच मी चहाचा कप खाली ठेवला.

भाताचे पान वाळले म्हणून आपण लगेच फवारा मारत नाही. करपा बुरशीचा, कडा करपा जिवाणूंचा. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. इंजिनाचेही तसेच. त्याला तीन गोष्टी हव्यात : योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. मंद गतीत, म्हणजे मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांवर, प्रत्येकाची पाळी ४०० वेळा येते. एकाने पाळी चुकवली की गाडी ठेक्यात हलते.

पेट्रोल गाडीत ब्रेकला जोर देणारा डबा इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे निर्वातावर चालतो. त्याची नळी फुटली तर दोन गोष्टी घडतात. नको असलेली हवा आत शिरून मिश्रण पातळ होते आणि इंजिन थरथरते. शिवाय ब्रेक जड होतो. रेस दिली की इंजिन मुळातच पुष्कळ हवा घेते, तेव्हा ही चोरटी हवा नगण्य ठरते. म्हणून गाडी धावताना बरी वाटते.

याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. मग पाय ब्रेकवर ठेवूनच इंजिन सुरू करा. पायाखाली ब्रेक थोडा खाली गेला पाहिजे. त्या दिवशी तो गेला नाही. इंजिन बंद करून नळीवरून हात फिरवला, तर ती उंदराने कुरतडलेली! गाडी पेंढ्याच्या उडवीला खेटून उभी असायची. एअर फिल्टरच्या डब्यातही भाताचा कोंडा सापडला. कल्याणहून नवी नळी आणून कारागिराकडून बसवली आणि थरथर थांबली. आधीच्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. ब्रेकचे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

तेव्हा पैसे खर्चण्यापूर्वी या क्रमाने पाहा :

१. थरथर केव्हा होते? थंड असताना, गरम झाल्यावर, की एसी लावल्यावर? घरातल्या सगळ्यांना विचारा.

२. एअर फिल्टर, रबरी नळ्या, वायरी पाहा. इंजिनाजवळ 'सुस्स' आवाज येतो का ऐका. पदर, उपरणे, बाही पंख्यापासून दूर ठेवा. विजेचा पंखा आपोआपही सुरू होतो.

३. थंड इंजिनाचे प्लग काढून पाहा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट ओला असेल तर इंजिन तेल आत शिरते आहे.

४. संशयित प्लग किंवा कॉइल, इंजिन बंद करून, शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष तिकडे सरकला तर तोच भाग वाईट. मात्र एका वेळी एकच बदल करा. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमध्ये खत आणि बियाणे एकदम बदलले तर उत्पन्न कशाने वाढले ते कळेल का?

५. नव्या गाडीला स्कॅनर लावून घ्या. 'पी ०३०१' म्हणजे पहिला सिलिंडर पाळी चुकवतो, 'पी ०३०२' म्हणजे दुसरा. का चुकवतो, हे मात्र माणसालाच शोधावे लागते.

कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून गती बांधून घेत. ती टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आजच्या गाडीत हे काम संगणक करतो, तेव्हा उगाच स्क्रू पिळू नका. डिझेल पिकअप असेल तर आधी फिल्टरमधले पाणी काढा. पण इंजेक्टरच्या नळ्या हाताने सोडू नका; तिथला दाब कातडी फाडून आत शिरतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर न जळलेले पेट्रोल धुराड्याच्या नळीतल्या शुद्धीकरणाच्या डब्यात जाऊन जळते आणि तो डबा लालभडक तापतो. अशी गाडी वाळल्या पेंढ्यावर उभी केली तर वर्षाची वैरण आणि घर दोन्ही जाऊ शकते. बंद गोठ्यात इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही.

त्या घरी आता गाडी उडवीपासून लांब, मोकळ्या अंगणात उभी असते. आणि ब्रेक जड लागला, तर वहिनी गाडी दाराबाहेर काढू देत नाहीत. तुम्हीही देऊ नका.