जाड फाइल आणि कोरे पान

'जुळे सोलापूर' ह्या आमच्या वसाहतीच्या नावाचे नवख्या माणसाला कौतुक वाटते. परंतु ह्याच वसाहतीत विवाहाला सात-आठ वर्षे लोटूनही पाळणा न हललेली घरे आहेत, आणि त्यांच्या दारावरून जाताना हे नाव आम्हांला बोचते. अशा घरात दुःख दोघांचे असते. आरोपी मात्र एकच, आणि ती नेहमी सून असते. ह्या एकतर्फी खटल्याविषयी चार कटू शब्द लिहिणे आम्हांला भाग आहे.

गेल्या वर्षी एक भगिनी आमच्याकडे आली. ओळख पटेल असे आम्ही काही लिहिणार नाही, आणि जे लिहितो ते त्या दोघांच्या अनुमतीने. सहा वर्षांत तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, गर्भनलिकांचा एक्स-रे निघाला, तीन वेळा 'क्युरेटिंग' झाले. पाटल्या मोडल्या. शेजारच्या डोहाळजेवणाचे निमंत्रण येईनासे झाले. फाइल दोन्ही हातांनी धरावी एवढी जाड. ती चाळून आम्ही विचारले, "बाई, ह्यात यजमानांचा कागद कोठे आहे?" ती म्हणाली, "फादर, त्यांना कोणी सांगितलंच नाही. आणि सांगितलं असतं तरी ते गेले नसते."

प्रामाणिकपणे सांगायचे तर हा प्रश्न आम्हांलाही सहा वर्षांत सुचला नव्हता. आम्ही नोव्हेना सांगितली, तिच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तिच्या एकटीच्याच मस्तकावर! मंदिरात अश्रू ढाळणारी हन्ना एली याजकाला मद्यपी वाटली होती. त्याची ती चूक वाचून आम्ही प्रवचने दिली आहेत. आमची स्वतःची चूक काही निराळी नव्हती.

वैद्यकशास्त्र ह्याबाबतीत संदिग्ध नाही. वर्षभर नियमित सहवास असूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांचीही तपासणी व्हावी. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे अथवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्याची: ना सुई, ना भूल, ना टाका. स्त्रीकडील कारणे शोधणे त्या मानाने कठीण. बीज वेळेवर सुटते की नाही, थायरॉइडचे प्रमाण काय, नलिका मोकळ्या आहेत की बंद, हे एकेक पाहावे लागते. आपल्या देशात तर क्षयरोग खोकल्यावाचूनही गर्भनलिकांत घर करून बसतो. तेव्हा स्त्रीची तपासणी नको असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सोपी तपासणी टाळून अवघडीने आरंभ का करावा, एवढेच आम्ही विचारतो. आणि पतीचा अहवाल न मागता पत्नीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेणाऱ्या डॉक्टरांनाही आम्ही हेच विचारू.

"आमच्या घराण्यात तसलं काही नाही," असे पुरुष छाती पुढे काढून सांगतात. छातीचा येथे काय संबंध? सहवासाची क्षमता आणि संततीची क्षमता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली शाबूत असून दुसरी नसणे अगदी शक्य आहे. गालफुगी तारुण्यात झालेली असेल, अंडकोषातील शिरा फुगलेल्या असतील, शुक्रजंतूंची वाट बंद असेल. बाहेरून काही दिसत नाही. आमच्या धर्मविधिसंहितेनेही (१९८३) १०८४ व्या कलमात हा भेद केला आहे. विवाहापूर्वीची कायमची नपुंसकता विवाह रद्द ठरवते. वंध्यत्व ठरवत नाही. ते मुद्दाम लपवून फसवणूक केली असेल तर गोष्ट वेगळी. 'मूल नाही, तेव्हा हा विवाह मोडून द्या' म्हणून मुलाचा हात धरून आमच्या कचेरीत येणाऱ्या मातांनी हे कलम ध्यानी घ्यावे.

दुसरी सबब अधिक चतुर आहे: "फादर, नमुना देणे आपल्या धर्मात पाप ना?" एरवी मिस्सालाही उशिरा येणाऱ्यांना ह्याच वेळी धर्म आठवतो! हस्तमैथुनाने नमुना देणे ख्रिस्तसभा मान्य करीत नाही, हे खरे. परंतु पती-पत्नींच्या सहवासातच, छिद्र ठेवलेल्या आणि शुक्रनाशक औषध नसलेल्या आवरणाच्या साहाय्याने नमुना घेता येतो. कॅथलिक नीतिशास्त्रज्ञांनी ही रीत ग्राह्य मानली आहे. तासाभरात तो प्रयोगशाळेत पोहोचला म्हणजे झाले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बालिका जन्मली, तेव्हापासून लोकांच्या तोंडी तोच एक उपाय बसला आहे. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत रोमच्या 'दोनुम विते' ह्या निवेदनाने ती पद्धती अमान्य केली. मात्र दाम्पत्याला साहाय्य करणाऱ्या उपचारांना किंवा वंध्यत्व दूर करण्याच्या संशोधनाला ख्रिस्तसभेचा विरोध नाही, उलट उत्तेजन आहे. कारण शोधण्याआधीच उपायाकडे धावणाऱ्यांचे काय करावे, हे मात्र कोणत्याच निवेदनात नाही.

असो. त्या भगिनीचे यजमान अखेर गेले. त्यांना तयार करण्यास आम्हांला चार भेटी लागल्या. अहवाल आला: शुक्रजंतू शून्य. ताप वा आजाराचा परिणाम दोन-तीन महिने राहू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, पुन्हा शून्य. अडथळा कोठे आहे, तो दूर होईल काय, ह्याचा शोध आता कोठे सुरू झाला आहे. त्या रात्री त्या घरात कोणी जेवले नाही. सकाळी सासूबाईंनी ती जाड फाइल सुनेसमोर उघडली आणि विचारले, "मग तुझी ही तीन क्युरेटिंगं कशापायी केली गं?"