लावलेल्या झाडालाही दाखला हवा



'पानांचा संग्रह' हा उपक्रम बहुतेक शाळांत होतो. वहीत पान चिकटवले, खाली नाव लिहिले, झाला प्रकल्प! माझे मत थोडे कडू लागेल, पण सांगते. ज्या पानाखाली ठिकाण नाही, तारीख नाही, तो नमुना नाही, नुसता वाळलेला पाला आहे.

आणखी एक गोष्ट. 'हे झाड तर लावलेले आहे, त्याची कसली नोंद?' असे आपण सहज बोलून जातो. वनस्पती गोळा करणारे जाणकारसुद्धा पुष्कळदा जंगली झाडे टिपतात आणि बागेतली सोडून देतात. मला हे पटत नाही.

लंडनच्या क्यू उद्यानातला टर्नर ओक बघा. हे झाड १७९८ साली लावलेले. इंग्लिश ओक आणि सदाहरित होम ओक यांचा हा संकर. अठराव्या शतकात स्पेन्सर टर्नर नावाच्या नर्सरीवाल्याने तो वाढवला, म्हणून त्याचे हे नाव. ऑक्टोबर १९८७ च्या वादळाने हे झाड मुळांसकट उचलले आणि परत तिथेच टेकवले. वाटले, आता गेले! पण काही वर्षांत ते उलट जास्त जोमाने वाढू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी घट्ट झालेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती. आता तिथे जुन्या झाडांखालची माती दाबाची हवा सोडून मोकळी करतात. हे शिकवले कोणी? एका लावलेल्या झाडाने.

अशा ओकचा नमुना कसा करतात? पानांसह एक छोटी डहाळी कागदांत दाबून वाळवायची. एक पान उलटे ठेवायचे, कारण खालची लव ओळखायला उपयोगी पडते. वाटीत बसवलेल्या सुपारीसारखे फळ वेगळ्या पाकिटात. फुले वसंतात आणि फळे शरदात, म्हणून त्याच झाडाकडे दोनदा जायचे. आणि लेबलवर ठिकाण, तारीख, उंची, बुंध्याचा घेर, सालीचे वर्णन, गोळा करणाऱ्याचे नाव.

त्यात एक शब्द विसरायचा नाही: 'लावलेले'. ओकच्या जाती आपसात सहज संकर करतात, नुसत्या पानावरून ओळख फसते. हा शब्द राहिला, तर शंभर वर्षांनी कुणाला वाटेल की हे झाड तिथे आपोआपच उगवत होते. एक शब्द गाळला की खरा नमुनाही खोटे बोलतो.

आपल्याकडे ओक नाही, पण प्रश्न तोच. शाळेच्या आवारातला गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेन ट्री अमेरिका खंडातला. मुलांना ही आपलीच रानटी झाडे वाटतात. रस्ता रुंद होताना एखादे झाड पडते आणि ते कधी, कुणी लावले हे सांगणारा एक कागदही नसतो.

'अभ्यासक्रम पुरा होत नाही, हे कुठे करायचे?' ही अडचण खरी आहे. म्हणून पन्नास पाने नकोत, वर्गाचे एकच झाड घ्या. वर्षातून तीन-चार भेटी पुरेत. घेर मोजला की गणित झाले, वर्णन लिहिले की मराठी झाली, कुणी लावले हे आजोबांना विचारले की परिसर अभ्यास झाला. फांदी तोडायची ती एकच आणि छोटी.

पालकांना एक विनंती. इंटरनेटवरून चित्र छापून देऊ नका. मुलाचे अक्षर वाकडे असू द्या, तारीख मात्र खरी असू द्या. पुढे ते झाड राहो न राहो, त्याचा दाखला तरी आपल्या शाळेत राहील.