गुटखाबंदी : छापा टपरीवर, माल येतो कुठून?

मलकापूर : राज्यात गुटखाबंदी लागू होऊन दहा वर्षं कधीच उलटली. टपरीवर पुड्यांच्या माळा आता लटकत नाहीत. पण ओळखीचं गिऱ्हाईक आलं की पुडी निघते, तीही छापील किमतीपेक्षा जादा दरानं. छापा पडतो, मालाचा फोटो येतो, टपरीवाल्यावर गुन्हा दाखल होतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग कारवाई अडते कुठं?

बंदी कशावर आहे?

खाण्याच्या पदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येत नाही, हा केंद्राचा नियम २०११ चा. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानं गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी आणली. अन्न सुरक्षा कायद्यात असा आदेश एका वेळी एकाच वर्षासाठी काढता येतो, म्हणून तो दरवर्षी नव्यानं निघतो. सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा, खर्रा हेही त्यात आले. साधी तंबाखू आणि विडी मात्र बंदीत नाहीत. त्यामुळं साध्या तंबाखूच्या आडून बाकीचा माल खपवणं सोपं जातं.

सीमा जवळ, नियम वेगळे

कर्नाटकातही गुटखा २०१३ पासून बंद आहे. पण तिथं साधा पान मसाला विकता येतो. मसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी. दोन्ही तोंडात एकत्र केल्या की झाला गुटखा. जो मसाला निपाणीत उघड मिळतो, तोच कागलच्या हद्दीत आला की बेकायदा ठरतो. कागल ते कोल्हापूर अंतर वीस किलोमीटरच्या आत. पुढं बांबवडे, मलकापूर, आंबा घाट करत हाच रस्ता कोकणात उतरतो. म्हणून मलकापूरच्या रस्त्यावरची तपासणी फक्त शाहूवाडी तालुक्यापुरती नाही, ती रत्नागिरी जिल्ह्याच्याही कामाची आहे.

दोन खाती, एक गुन्हा

अन्न सुरक्षा कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडं, तर रस्त्यावर आणि गावात हजर असतात पोलीस. पोलिसांनी भारतीय दंड विधानाची कलमं लावायची का, यावर बरीच वर्षं कोर्टात वाद चालला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही कायद्यांखाली कारवाईला आडकाठी नसल्याचं सांगितलं. जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली.

तरीही खटला उभा राहतो तो नमुन्यावर. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानं नमुना घ्यायचा, त्याचे चार भाग करून सील करायचे, विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा. यात एक जरी कागद कच्चा राहिला तरी वकील त्यावरच बोट ठेवतो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे तपास टपरीपाशीच थांबतो. टपरीवाल्याला माल कुणी टाकला, गाडी कुणाची, गोदाम कुठं, पैसे कुणाच्या खात्यावर गेले, हे निघालं नाही तर पकडलेल्या पोत्याच्या जागी दुसरं पोतं येतं. मोबाईलवरचे कॉल आणि ऑनलाइन पेमेंट यातून माग मागं नेता येतो. टपरीवाला गावातलाच, त्याच्या दोन पुड्यांवर त्याचं घर चालतं. खरी कमाई त्याच्या मागच्या माणसाची, आणि एफआयआरमध्ये नाव नसतं ते त्याचंच.

गावानं काय करावं?

२०१६-१७ च्या केंद्राच्या पाहणीत राज्यातील २४.४ टक्के प्रौढ माणसं चघळण्याची तंबाखू वापरत होती. म्हणजे जवळपास चारात एक. सवय लागते ती शाळेच्या वयात. शाळेपासून १०० यार्डांत कोणताही तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे, त्यात साधी तंबाखूही आली. हे अंतर मोजायला छाप्याची वाट बघावी लागत नाही. ग्रामपंचायत आणि शाळा समितीनं एक दिवस टेप धरली तरी पुरे.

गुटख्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ या टोल फ्री नंबरवर किंवा पोलिसांच्या ११२ वर करता येते. तक्रार करताना टपरीचं नाव सांगाच. पण माल टाकणारी गाडी कधी येते आणि तिचा नंबर काय, हे सांगितलं तर तपास टपरीच्या पुढं जाईल.