स्लाइडची जुळणी आणि संहितेची शुद्धता

मराठीच्या चर्चासत्रांत शोधनिबंधासोबत स्लाइड दाखविण्याची प्रथा रूढ झाली आहे. मात्र त्या कोणत्या साधनाने कराव्यात, हा प्रश्न गौण मानला जातो. वस्तुतः तो संहितेच्या शुद्धतेचा प्रश्न होय. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले असत. असा फॉन्ट नसलेल्या संगणकावर ओवीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. पाठभेदांच्या अभ्यासकाला हे परवडणारे नाही.

डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये पुढे आणलेल्या टेक् या अक्षरजुळणीच्या पद्धतीत लेखक साध्या मजकुरातच शीर्षक, अवतरण, तळटीप यांच्या खुणा करतो. मांडणी संगणक करतो. तिच्यावर आधारित 'बीमर' (२००३) स्लाइड घडविते, तर 'झीटेक्' (२००४) युनिकोड देवनागरी थेट स्वीकारते. भाषा मराठी असल्याचे नोंदविल्यास, फॉन्टमध्ये सोय असेल तर, 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही लाभतात. सिद्ध झालेल्या पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत असल्याने परक्या संगणकावरही अक्षर मोडत नाही.

या साधनांना मर्यादा आहेतच. शिकण्यास वेळ लागतो. एक कंस राहिला तरी जुळणी अडते. हस्तलिखितांची छायाचित्रेच दाखवायची असतील, तर पॉवरपॉइंट अधिक सोयीचे आणि युनिकोड वापरल्यास पुरेसे विश्वसनीयही ठरते. परंतु एकच संहिता निबंधात, स्लाइडमध्ये आणि पुढे ग्रंथात जाणार असेल, तर ती एका ठिकाणी शुद्ध करून सर्वत्र वापरता येणे हा लाभ मोठा आहे. म्हणूनच संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सेच्या जोडीला या जुळणीचाही परिचय करून देणे अगत्याचे आहे.