बर्फाची वार्ता आणि जालन्याची थंडी

येत्या थंडीच्या लाटेत जालना जिल्ह्यात बर्फ पडेल काय, असे शिकलेसवरले लोकही विचारू लागले आहेत. तो पडणार नाही. आपल्याकडे कडाका येतो तो उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याबरोबर, निरभ्र आकाशाखाली. आणि ढगांवाचून हिमवर्षाव कसला? महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी पहाटे जो ‘बर्फ’ दिसतो, तेही गोठलेले दवच होय.

आकाशातून आमच्याकडे बर्फ येतो तो गारांच्या रूपाने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने आणि ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालन्याने तो पुरेपूर भोगला. परंतु गारांनी झोडपलेले शेत डोळ्यांस दिसते, थंडीने झालेले नुकसान दिसत नाही. कडवंचीसारख्या गावचा द्राक्ष-बागाईतदार मणी तडकू नयेत म्हणून रात्र जागून शेकोट्या पेटवितो, त्याची दखल कोण घेतो? थंडीची लाट २०१२ पासून केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या यादीत आहे. तेव्हा गारपिटीप्रमाणे थंडीचेही पंचनामे तत्परतेने झाले पाहिजेत.

आणि पिकाआधी माणूस. किमान तापमान १० अंशांवर वा त्याखाली येऊन सरासरीहून साडेचार अंशांनी घसरले, म्हणजे हवामानखाते थंडीची लाट जाहीर करते. उसाच्या फडावर कोपीत निजणाऱ्या मुलांस बारा अंशही बोचतात. जिल्हाधिकारी व महापालिका यांनी रात्रनिवारे, घोंगड्या आणि चौकाचौकांतील शेकोट्यांचे सरपण यांची व्यवस्था या आठवड्यातच करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.