नेलेली माणसे मोजून परत आणा

गावात निरोप येतो. दुसऱ्या जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर बसले आहेत, त्यांच्या पाठिंब्याला माणसे पाठवा. आम्ही टेम्पो ठरवतो, बिल्ले लावतो, भाकरी बांधतो आणि निघतो. किती माणसे नेली हा आकडा आम्हाला तोंडपाठ असतो. जिल्ह्याच्या बैठकीत छाती काढून सांगतोही. किती परत आली, हे मात्र कोणी विचारत नाही. आली असतील की!

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, या बैठकीत आम्ही हाच विषय काढणार आहोत. पाठिंब्याच्या मेळाव्यात धोका जास्त. मेळावा दुसऱ्याचा, शहर परके, मैदानाचे दार कुठल्या अंगाला आहे तेही ठाऊक नसते.

२३ नोव्हेंबर १९९४ चा दिवस आठवा. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. गुरे राखणारा गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आला होता. हजारो माणसे, कडेवर लेकरे घेतलेल्या बाया. मोर्चा अडवलेला, लाठ्या पडल्या, गर्दी मागे वळली आणि मागे जागाच नव्हती. ११४ जीव चेंगरून गेले, त्यांत बाया आणि मुलेच अधिक. सरकारची जबाबदारी यात तसूभरही कमी होत नाही. पण ज्या सरकारशी भांडायला जायचे, तेच आपली लेकरे सांभाळील, या भरवशावर घराबाहेर पडायचे काय?

चेंगराचेंगरीत माणूस पायाखाली तुडवूनच मरतो असे आम्हाला वाटत होते. तसे नाही. पुष्कळ माणसे उभ्या उभ्या गुदमरतात. कापसाची गाडी तुडवून गच्च भरली की तीत बोट शिरत नाही. तसा चहूकडून दाब आला की छाती फुगत नाही, श्वास आत जात नाही. म्हणून चारी अंगांनी माणूस अंगाला लागू लागला, की भाषण कितीही रंगलेले असो, तेव्हाच कडेला निघायचे. नंतर निघता येत नाही. लोट आलाच तर दोन्ही हात कोपरांत वाकवून छातीपुढे धरायचे. लोटाच्या उलट जोर लावायचा नाही. तो ओसरला की तिरपे तिरपे बाहेर सरकायचे. भिंत आणि बॅरिकेड यांच्यापासून लांब राहायचे. चप्पल सुटली, पिशवी पडली, तरी वाकायचे नाही. चप्पल नवी असली तरी.

गर्दीइतकेच ऊनही मारते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला पुरस्काराचा सरकारी कार्यक्रम झाला. राजकीय मेळावा नव्हता, कोणी लाठी उगारली नाही. उघड्या मैदानात लाखो माणसे भर उन्हात बसली आणि उष्माघाताने १४ गेली. आम्ही उन्हात राबणारे, आम्हाला काय होते, ही घमेंड सोडा. शेतात तहान लागली की आपण बांधावरच्या झाडाखाली जातो. मैदानात तसे उठता येत नाही.

उलट मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेले शेतकरी बघा. सुमारे १८० किलोमीटर चालून पायांना फोड आलेले. तरी दहावीच्या पोरांची परीक्षा अडू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. मुंबईकर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. शिस्तीने लढा मवाळ होत नाही, तो असा.

पोलिसांचेही थोडे. जमावबंदी आहे का, हे निघण्याआधी विचारा. ज्याला आपण कलम १४४ म्हणत आलो, ते १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात कलम १६३ झाले आहे. अटक झाली तर कारण विचारा, वकील मागा. २४ तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करायला हवे, असे घटनेचे कलम २२ सांगते. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठाही नाही. अनोळखी कोणी दगड उचलला तर त्याला गर्दीचा आडोसा देऊ नका, बाजूला व्हा.

कोणी म्हणेल, असे लिहून तुम्ही माणसांना भेदरवता. लढणारा मरणाला भीत नाही, हे वाक्य आम्हीही स्टेजवरून खूपदा ऐकले आहे. ते म्हणणारा जीपने घरी जातो. ज्याच्या घरी दोन बैल, म्हातारी आई आणि वेचणीला आलेला कापूस आहे, त्याने मरणाला भ्यायलाच पाहिजे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक गावाने एक वही करावी. वीस माणसांमागे एक प्रमुख. नाव, घरचा फोन नंबर, बीपी-शुगरची गोळी असेल तर तीही वहीत. तोच नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर, कारण गर्दीत मोबाइल लागत नाही. चुकामूक झाली तर भेटायची खूण आधी ठरलेली. ड्रायव्हरला सभेत आणायचे नाही, त्याला झोपू द्यायचे. रात्रीचा परतीचा रस्ता त्याच्या हाती आहे. आणि निघताना वही पुन्हा वाचायची. एकाही नावापुढे खूण राहिली असेल, तर टेम्पोला चावी लावायची नाही.